आईपासून चाळीस पावलं

मी उत्तर समुद्रातल्या सीलचं पिल्लू बोलतेय. वय पाच आठवडे. हाका मारून मारून आवाज बसलाय, तरी ऐकून घ्या.

जूनमध्ये, ओहोटीच्या वेळी, एका जर्मन बेटाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर मी जन्मले. भरती आली, पट्टा बुडाला आणि मी आईमागे पोहायला लागले. आई जरा दिसेनाशी झाली की मी हाक मारायची. त्या हाकेवरून इथले लोक आम्हाला 'हॉयलर' म्हणतात, म्हणजे रडणारं पिल्लू. पण ते रडणं नसतं हो, बोलावणं असतं.

रोज एक बोट यायची. लांबच थांबायची. माणसं हळू बोलत दुर्बिणीतून बघायची. आई एकदा मान वर करून त्यांना न्याहाळायची आणि पुन्हा मला पाजायची. माणसांबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

अकराव्या दिवशी आई मला बेटाच्या किनाऱ्यावर ठेवून मासे धरायला गेली. दुपारी एक कुटुंब आलं. कार्ल्सरूहे शहरात आयटीत काम करणारा यशोधन, त्याची बायको देवश्री, त्यांची सहा वर्षांची ऊर्जा आणि पुण्याहून महिन्याभरासाठी आलेली यशोधनची आई, मालिनीआजी.

"अहो, पाटी वाचा ना. तीनशे मीटर आप्श्टांड, म्हणजे अंतर ठेवा म्हणतायत," देवश्री म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे, एक फोटो काढतो आणि आलोच," यशोधन म्हणाला.

तो आला. मागोमाग आजी आल्या. "अगंबाई, कुडकुडतंय गं! आई टाकून गेली वाटतं." त्यांनी अंगावरची शाल काढून माझ्यावर घातली.

"आई, हात नका लावू!" देवश्री लांबून ओरडली.

मला थंडी वाजत नव्हती. मी भीतीने थरथरत होते. त्यांना बघून आणखी माणसं आली, एकाबरोबर कुत्रा होता. माझ्याभोवती नुसते पाय आणि फोन.

तेवढ्यात पाण्यातून आईचं डोकं वर आलं. चाळीस पावलांवर. मी जीव तोडून हाक मारली. ती उथळ पाण्यापर्यंत आली, कुत्रा भुंकला, ती बुडी मारून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ती आणखी मागे वर आली.

"आजी, दा इस्ट डी मामा!" ती बघ तिची आई, असं जर्मनमध्ये म्हणत ऊर्जा पाण्याकडे बोट दाखवून रडायला लागली.

आजींना जर्मन येत नव्हतं, पण नातीचं बोट कुठे वळलंय ते दिसलं. त्यांनी शाल ओढून घेतली आणि दोन्ही हात पसरून मराठीतच ओरडल्या, "मागे व्हा! सगळे मागे व्हा! तिची आई आलीये!"

लोक हटले. देवश्रीने पाटीवरच्या नंबरावर, सील वाचवणाऱ्या केंद्राला फोन लावला. तिथली बाई आली, तिने सगळ्यांना किनाऱ्यामागच्या उंच मातीच्या बांधापलीकडे नेलं. किनारा रिकामा झाला.

आई मात्र आली नाही.

भरती आली. उतरली. संध्याकाळी एकदा वाऱ्यावर तिची हाक ऐकल्यासारखं वाटलं. मी उत्तर देत राहिले, घसा फाटेपर्यंत. आजी बांधावर त्या बाईची दुर्बीण डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

"चल आई, शेवटची फेरीबोट सुटेल."

"माझ्याच हातून झालं ना रे हे?"

"फोटोला आधी मी गेलो होतो," यशोधन म्हणाला. त्याने आईच्या हाताला धरून तिला उठवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या बाईने मला खोक्यात घालून आणलं. आता मी हौदात असते. घशात नळी घालून मला माशांची पेज देतात. माणसांची सवय लागू नये म्हणून माझ्याशी कुणी बोलत नाही. शरद ऋतूत समुद्रात सोडतील म्हणे. पण आमच्या आया महिनाभरच पाजतात. तो महिनाही संपला. आता तिने मला ओळखलं नाही तर? मी कुणाला हाक मारू?

आम्हाला बघायला जरूर या. बोटीतून बघा, बांधावरून बघा, दुर्बीण आणा, कुत्रा बांधून ठेवा. पिल्लू एकटं दिसलं तर केंद्राला फोन करा आणि मागे फिरा. पाया पडते, मागे फिरा. त्याची आई पाण्यात असते, तुम्ही जायची वाट बघत. फार वेळ ती थांबू शकत नाही.