अँटेनाखालची भिंत

माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं याबद्दल यापुढे जगात कोणीही शंका काढू नये. गेनादीने आणि मी ते मंगळवारी कायमचं सिद्ध केलं. मग लिफ्ट बंद असल्यामुळे आम्ही चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढलो, वाटेत बसत बसत.

गेनादीने आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. आता आम्ही दोघं रोज इमारतीसमोरच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडतो आणि सोबत अफवाही. विमानं आभाळातून औषध फवारतात, डॅन्यूबच्या तळाशी पाणबुडी दडलीय, आमच्याच वाटणीचा पाऊस कोणीतरी शेजारच्या देशाला विकतो. अशी अफवा आली की आधी ती खरी मानून थोडी तिच्यासोबत हिंडायचं, तिचे लाड करायचे, आणि मग दातांत धरून कट्. साल थुंकायचं. या वयात याहून स्वस्त सुख मला माहीत नाही.

शनिवारी जेवण झाल्यावर रूझाने, म्हणजे माझ्या बायकोने, पलंगाखालून मोठी सूटकेस ओढून काढली.

"सोमवारच्या बसने नेव्हेनाकडे चाललेय."

नेव्हेना आमची मुलगी. समुद्राकाठच्या वार्ना शहरात असते.

"किती दिवस?"

"अँटेना काढतील तोवर."

बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या छपरावर वसंतात मोबाइलचा मनोरा उभा राहिला, तेव्हापासून तिची झोप उडाली होती. उशीला कान लावला की गुणगुण ऐकू येते म्हणायची. मीही एकदा कान लावला. मला माझंच हृदय ऐकू आलं, आणि तेही जरा घाईत होतं.

"सिनेमाची भिंत बघितलीस?" ती म्हणाली. "पूर्वी मेलेल्यांचे चारदोन कागद असायचे. आता वीट दिसत नाही. माणसं पटापट चाललीत, त्सांको."

"नावं वाचलीस?"

"त्या मनोऱ्याखाली जाऊन उभी राहू? समोरच्या फुटपाथवरून दिसतात की काळ्या चौकटी."

"तू जा, मी इथेच थांबतो, असं म्हटलं तर?"

"तर अंडी उकडायला शीक."

ती हसत नव्हती. आमच्या गावातून वार्नाला गेलेली म्हातारी माणसं परत येत नाहीत. तिकडे नातवंडं असतात, समुद्र असतो, गुडघ्यांचा डॉक्टर असतो. सूटकेसमध्ये तिने हिवाळ्याचा कोट घातला. बाहेर जून चालू होता.

मी गेनादीला हाक मारली. "भिंतीची अफवा फोडायची आहे. सोमवारच्या आत."

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद दारावर, झाडावर, भिंतीवर लागतो. मग चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा, आणि पुढे घरच्यांचा हुरूप टिकेल तोवर दरवर्षी. जिवंतपणी ज्याला कोणी विचारलं नाही, तोही मेल्यावर नियमित प्रसिद्ध होतो.

गेनादी सिनेमाच्या भिंतीला नाक लावून वाचू लागला. "हा पेन्यो. हाही पेन्यो. खालचा कोपऱ्यातला टोपीवाला, तोही पेन्योच. एकटा माणूस अर्धी भिंत अडवून बसलाय."

"कशाने गेला?"

"चेरीच्या झाडावरून पडून. अँटेनाने ढकललं असेल तर सांग."

"ही त्सोन्का?"

"स्पेनमध्ये राहत होती, तिथेच गेली. मनोरा बांधायच्या आधी."

मला गुदगुल्या व्हायला लागल्या. एकेक कागद आमच्या दाताखाली येत होता. इथेच एवढी गर्दी का, तेही सापडलं: छप्पर पुढे आलेलं असल्याने पावसात कागद भिजत नाहीत, म्हणून सगळं गाव आपली माणसं इथे आणून चिकटवतं. खटला निकाली. मी तर भिंतीला टाळी दिली.

गेनादी मात्र अजून कागदांवरच वाकलेला होता.

"काय झालं?"

"काही नाही. जन्मसाल बघत होतो." त्याने बोट एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर नेलं. "हे सगळे आपल्याच वयाचे आहेत रे."

येताना आम्ही बिया फोडल्या नाहीत. जिन्यात गेनादीने मला पुढे जाऊ दिलं आणि मी त्याला. दोघांनाही दुसऱ्याच्या मागे राहून धापा लपवायच्या होत्या.

रूझा सूटकेसवर बसून ऐकत होती. पेन्यो, त्सोन्का, पुढे आलेलं छप्पर, सगळं मी तिला ओळीने सांगितलं. एकदाही तिने मध्ये तोंड घातलं नाही. लग्नानंतर हे पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे मला धीर येण्याऐवजी भीतीच वाटू लागली.

"म्हणजे अँटेना नाही," ती म्हणाली.

"मुळीच नाही."

"मग कशाने जातात?"

"कशाने म्हणजे... वय झालं की जातात."

ती सूटकेसवरून उठली.

"अँटेना बरी होती," ती म्हणाली. "तिच्यापासून वार्नाला तरी पळता येत होतं."

अँटेनाचाही थोडा हात असेल, असं म्हणून टाकावं का, असं अगदी जिभेवर आलं. गेनादीला कळलं असतं तर त्याने मैत्री तोडली असती. मी खिडकीपाशी गेलो. मनोऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि सिद्ध करता येणार नाही, पण तो नेमका आमच्याच घराकडे बघून लुकलुकत होता.

मागे सूटकेसचं कुलूप वाजलं. ती कोट काढून पुन्हा कपाटात टांगत होती.

"आणि सोमवारची बस?" मी विचारलं.

"बस जाईल तिची ती," रूझा म्हणाली. "तू आधी ती खिडकी लाव. स्वयंपाकघरातलीही उघडी आहे, आणि आरपार वारा लागला की धडधाकट माणूससुद्धा जातो."