रोहूची कातडी

माशात खायचं काय, तर कातडी. बाकीचं नुसतं भाकरीसोबत पोट भरायला. आणि हे कोण म्हणतंय, तर आमचा सागर बालवाडीत होता तेव्हापासून जिने मासा तोंडात घातला नाही, ती कोकिळा. हसा खुशाल.

नव्या लग्नात आमचे हे आणि मी कातडीवरून खरंच भांडायचो. हे केळीचा ट्रक चालवायचे. फेरी संपवून बुऱ्हाणपूरला परतले की आधी मासेवाल्या मालूबाईकडून तापीतला रोहू घ्यायचे, मग बुधवाऱ्यातल्या घरी यायचे. मी खवले काढून कातडी अख्खी सोलायची, हळद-तिखट-मीठ चोळायची आणि तव्यावर टाकली की वरून उलथनं दाबून धरायची. नाही दाबलं तर आक्रसते मेली, आणि मध्ये कच्ची राहते. मोठा तुकडा कुणाचा, यावर रुसवेफुगवे. सासूबाई म्हणायच्या, "लेकरं आहात का रे दोघं?"

मग एकदा यांची गाडी घाटात उलटली. हे दवाखान्यात बेशुद्ध, आणि डॉक्टर बोलताना माझ्याकडे बघेनात. मी तापीच्या घाटावर गेले, पाण्यात उभी राहिले आणि म्हटलं, माई, यांना ठेव. तुझ्या पोटातला मासा मी सोडला, जन्मभराचा. हे उठले. आता शब्द म्हणजे शब्द.

त्यानंतर मासा हे स्वतःच करायचे, मागच्या अंगणात, वेगळ्या तव्यावर. मी आत दार लावून बसायची. पण कान आणि नाक कुठं लावून घेता येतात? तव्याचा आवाज बदलला की मी आतून ओरडायची, "अहो, उलटा ती! जळली!" हे बाहेरून म्हणायचे, "खायची नाही तर बोलायची कशाला?" आणि दर वेळी जाळायचेच. स्टिअरिंग धरणारा माणूस, त्याला तवा काय कळणार? मग काळीठिक्कर कातडी कुडुमकुडुम चावत बसायचे.

आता यांच्या घशात गाठ आहे. इंदूरला नेलं, परत आणलं. घरी ठेवा, सेवा करा, असं सांगितलं. नाकातून नळी घातली आहे, तिच्यातून दूध आणि मुगाचं पाणी जातं. आवाज असा उरलाच नाही, कान तोंडाशी न्यावा लागतो. परवा तसाच कान नेला, तर म्हणतात, "कोकिळे, कातडी कर."

मी भडकलेच. "घोटभर पाणी उतरत नाही, अन् कातडी पाहिजे! डोकं ठिकाणावर आहे का?"

"मला नाही. तुला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी गेल्यावर तू खाणार नाहीस," हे म्हणाले. "ओळखतो मी तुला. माझ्यासमोर खा."

"अजिबात नाही! मी मासा खाल्ला म्हणजे मी तुम्हाला सोडलं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत बसले. सागर मागोमाग आला. "आई, जिद नको ना करू. पप्पा मला पण तेच बोलून राहिले. बस, इतकंच तर मागतायत." इतकंच! त्याला वाटलं, आई नुसती हट्टी आहे.

हे रागावले नाहीत. नुसते माझ्याकडे बघायचे, मग मागच्या दाराकडे बघायचे. ते बघणं मला सहन होईना. आज सकाळी मीच सागरला म्हटलं, "मालूबाईकडून रोहू आण."

शेगडी यांच्या खाटेजवळच आणली. तवाही यांचाच घेतला. कातडी टाकली, चर्र झालं, वास उठला. मी उलथनं दाबून धरलं, पण डोळ्यांना धारा, समोरचं दिसेल तर शपथ. तेवढ्यात यांनी खाटेवरून बोट वर केलं आणि फिरवलं. मी ती उलटली. छान तांबूस, जळल्याचा कुठं डागसुद्धा नाही.

"म्हणजे कळत होतं तुम्हाला!" मी म्हटलं. "मग इतकी वर्षं जाळत का होता?"

मी कान तोंडाशी नेला.

"तू आतून ओरडायचीस ना," हे म्हणाले. "एकट्याला खाल्ल्यासारखं वाटायचं नाही."

मी पदराने तोंड पुसलं आणि तुकडा तोडला. माई, मी माझा शब्द मोडते, तू तुझा नको ग मोडू, असं मनात म्हणून तोंडात घातला. कुडुम असा आवाज झाला. यांनी डोळे मिटले.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"खोटं. घातलंच नाहीस. बघत होतो मी."

मला रडता रडता हसू आलं. "उद्या घालते," मी म्हटलं. "उद्या परत करू."

डोळे उघडून यांनी ताटलीतल्या दुसऱ्या तुकड्याकडे बोट केलं. तो मोठा होता.