डाव्या स्केटची धार

डॅरिल हॉलुकने उजव्या स्केटचं पातं अंगठ्याच्या नखावरून फिरवलं. काही निघालं नाही. डावं फिरवलं, तर नखाचा पांढरा भुगा निघाला, म्हणजे धार शाबूत होती. दोन्हींना धार एकाच सकाळी लावलेली, दोन्ही पायांनी बर्फावर वीस मिनिटं सराव केलेला. तरी डावं पातं कोरं होतं. त्या पायावर त्याने भारच टाकला नव्हता.

"नख संपलं की बोटं तासशील," व्हर्ना म्हणाली. सोळा वर्षं त्याच्या स्केट्सना तीच धार लावत होती. पण आज पात्यावरचा भुगा तिनेही पाहिला होता.

दार ढकलून क्लेम आत आला. एके काळी दोघे आइस हॉकीच्या बचावफळीत जोडीने खेळायचे. आता क्लेम संघाचा व्यवस्थापक होता.

"म्हाताऱ्या, तीनला खेळाडूंची अदलाबदल बंद होते. दोन वीस झालेत."

त्यांचा सास्काटूनचा संघ गुणतक्त्यात शेवटी होता आणि विशीतल्या पोरांना घेऊन नव्याने उभा राहत होता. पण लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला वर छत घातलंय, त्याहून जास्त नाही, आणि खाली तळ, त्याहून कमी नाही. त्या छताखाली डॅरिलचा एकट्याचा पगार तीन पोरांची जागा अडवून होता. दक्षिणेतल्या एका दुबळ्या संघाचा पगार तळही गाठत नव्हता. तो संघ डॅरिलला घ्यायला तयार होता. करारानुसार मात्र त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेही धाडता येत नव्हतं. नोव्हेंबरपासून डॅरिल एकच सांगत होता, डावा खुबा बरा झाला की बघू.

"तिकडे लॉकर कुठला देतायत?" डॅरिलने विचारलं.

क्लेमने टोपी काढून हातात धरली. "लॉकर नाही रे. येऊच नकोस म्हणतात. घरी बस, पगार चालू राहील. जखमींच्या यादीत नाव टाकतील."

"म्हणजे त्यांना माझा पगार हवाय, मी नको."

"आमचं उलटं होतं, डॅरी. आम्हाला तू हवा होतास."

"होतास?"

क्लेमने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

एकदा त्या यादीत नाव गेलं, की पुन्हा बर्फावर उतरणं नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं.

व्हर्नाने नेहमीसारखे स्केट्स यंत्राकडे नेले. "उद्यासाठी दोन्हींना धार लावू ना?"

डॅरिलने नखाकडे पाहिलं. त्यावर एक बारीक पांढरी रेघ उरली होती.

"राहू दे, व्हर्ना," तो म्हणाला. मग क्लेमकडे वळला. "मला पाठवून दे."