पोर्तुगालला गेलेली धारूरची किल्ली

किल्लीनं स्वतः तोंड उघडायचं नसतं, दुसऱ्याचं उघडायचं असतं. पण चाळिशी उलटली की बाई कुणाचं ऐकत नाही, तसं माझं झालंय. मी पितळेची, बोटभर लांबीची किल्ली. रंग उतरलाय, दात झिजलेत, कमरेत जरा वाकलेय. फोटोत काही चांगली येत नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. धारूरच्या बाजारात मी आणि कुलूप एकाच तारेत बांधलेले होतो, एवढं पक्कं आठवतं. म्हणून कुलपाला मी पहिल्यापासून 'आमचे हे' म्हणते. पोटानं जड, बोलायला कमी. मी कानात फिरल्याशिवाय हे कधी जागचे हलले नाहीत.

छबुबाईनं आम्हाला पत्र्याच्या पेटीसाठी घेतलं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे, ते सहा महिन्यांनी परत. घर सोडायची त्यांची एक रीत होती. तवा, परात, दोन पातेली, पीठ-मीठ, लागेल तेवढं सोबत घ्यायचं. उरलेली भांडी आणि गोधड्या पेटीत. चुलीवर घमेलं पालथं. दिवा काढून तोही पेटीत. घरात उंदरालासुद्धा टेकायला काही ठेवायचं नाही. मग आमच्या ह्यांना पेटीला लावायचं आणि मला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचं. असे कितीतरी हंगाम मी छबुबाईच्या गळ्यात काढले. घामानं माझा रंग गेला तो तेव्हाच.

तिची पोरगी दिपाली. तीही लहानपणी फडावर गेलती, मग मामाकडं राहून शिकली आणि शाळेत मास्तरीण झाली. पुढं दिपालीचा नवरा वारल्यावर त्याच्या वाट्याच्या जागेत तिनं स्वतःच्या पगारातून तीन खोल्या बांधल्या. छबुबाई तिच्याजवळ राहायला आली, आणि पेटीबरोबर आम्हीही. दिपाली आता सेहेचाळीसची. केस रंगवते, पण पुढचेच. मागचे मला कुठं दिसतात, म्हणते.

रोज सकाळी किल्ल्याकडं फिरायला जाणाऱ्या तीन मैत्रिणी. दिपाली, शिवणकाम करणारी करिष्मा, आणि निवृत्त नर्स वत्सलाबाई. वत्सलाबाईंचे गुडघे दुखतात, तोंड नाही. एक दिवस करिष्मानं दिपालीच्या ओट्यावर बसून मोबाइल दाखवला.

"हे बघ. त्यांच्या घरात आपण राहायचं, आपल्या घरात ते. हॉटेल नाही, काही नाही. घरांची अदलाबदल."

"आन नवरे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नवरे जिथल्या तिथं."

"मग ह्यात आपला काय फायदा?" वत्सलाबाई म्हणाल्या, आणि तिघी इतक्या हसल्या की पेटीवरची मी खाली पडले.

वर्षभर त्यांचं चाललं होतं. शेवटी ठरलं पोर्तुगाल. आधी आठ दिवस लिस्बन शहरात एका बाईच्या फ्लॅटमध्ये, ती बाई पुढं हिवाळ्यात करिष्माकडं येणार. मग मदेरा नावाच्या बेटावर इनेस आणि पाउलो या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात, आणि ते दोघं त्याच दिवसांत दिपालीच्या घरी. त्यांना आपला किल्ला बघायचा होता. सीताफळंही खायची होती, झाडावरून काढून.

हे दिपालीच्या दिराच्या कानावर गेलं. सुंदरराव. गावात ह्यांच्या शब्दाला वजन, निवडणुकीत ह्यांचा फोटो मोठा. आले, खुर्चीत बसले.

"वैनी, परकी माणसं घरात घालायची, आन तुमी तिघी बायका एकट्या फिरायच्या?"

"तिघी म्हणजे एकट्या कशा, भाऊजी?"

"लोक मला विचारत्यात. सांगून ठेवतो, जागा माझ्या भावाची हाय. काही वेडंवाकडं झालं तर त्या पाव्हण्यांना बाहेर काढीन आन घराला माझं कुलूप घालीन. मग बसा तिकडंच."

"साखर कमी घालू ना चहात?" दिपालीनं विचारलं. ती भांडते ती अशीच. पण त्याच चहात तिनं साखर दोनदा घातली, ती मी पाहिली. घर जाईल ही भीती तिला खरीच होती.

भाऊबीज उरकून निघायचं होतं. मायलेकींनी घर आवरायला घेतलं, आणि इथंच दोघींच्या हातांनी घात केला. घर सोडायचं म्हणजे कसं सोडायचं, हे त्यांच्या हातांत बसलेलं. तवा, परात, पोळपाट, ज्वारीचं पीठ दिपालीच्या बॅगेत. बाकी सगळी भांडी, अंथरायच्या चादरी, गोधड्या, बल्ब पेटीत. गॅसच्या शेगडीवरही घमेलं पालथं. आमच्या ह्यांना लावलं, मला दिपालीच्या गळ्यात घातलं. दाराची चावी छबुबाईकडं, ती तेवढे दिवस लेकाकडं, अभिमन्यूकडं राहणार होती. पाव्हणे शिजवतील कशात, झोपतील कशावर, हा प्रश्न दोघींनाही पडला नाही. माणूस परगावी राहायला जातो तेव्हा भांडीकुंडी घेऊनच जातो, असं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मलाही नाही पडला. मी तर त्यांच्याच गळ्यात वाढले.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. धाब्यासमोर ऊसतोड्यांच्या ट्रकांची रांग होती. वरून एका बाईनं ह्यांची बोचकी आणि बॅगेतून डोकावणारा तवा पाहिला.

"बाई, कुठल्या कारखान्याला?"

"पोर्तुगाल," दिपाली म्हणाली.

"ते कुटं, कर्नाटकात का?"

"त्याच्या जरा पुढं."

"संभाळून जा मग," ती म्हणाली. ट्रक हलला. दिपाली चहा विसरून तिकडं बघत राहिली.

विमानतळावर मी कमानीत वाजले. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा आवाज काढला, तोही तिथं. साहेबानं विचारलं, ही कशाची? दिपाली म्हणाली, आईच्या पेटीची. त्यानं मला तळहातावर घेऊन पाहिलं आणि परत दिलं. बहुतेक त्याच्याही आईची पेटी असावी.

लिस्बनमध्ये चढ-उतारच फार. पिवळी ट्राम भिंतीला घासून जाते, खिडक्याखिडक्यांत कपडे वाळत घातलेले. वत्सलाबाई प्रत्येक चढावर शिवी हासडायच्या आणि वर पोचल्यावर म्हणायच्या, "शिव्या न देताही आलोच असतो की इथं." वाटेत बाकं दिसली की तिघी बसायच्या, गप्पांना काही तोटा नव्हता. परतल्या की आपल्याच तव्यावर भाकरी. फ्लॅटमधल्या एकाही कपाटाला त्यांनी हात लावला नाही.

मग मदेरा. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला, आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी शेतं. विमानतळावरून येताना दिपालीनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला ऊस होता. खरा, हिरवा, डोक्याच्या वर गेलेला.

"हिथंबी?" वत्सलाबाई म्हणाल्या. "माघारी चल बाई, मुकादम बघंल."

दिपाली उसात जाऊन उभी राहिली. एका पानावरून हात फिरवला. "नुसता बघायला मी उसात पहिल्यांदाच आलेय," ती म्हणाली. खाली समुद्र होता.

इनेसच्या घरी पोचून जेमतेम दुसरा दिवस. दुपारी फोन वाजला. धारूरला तेव्हा दिवेलागण. पडद्यावर इनेस आणि पाउलो, मागं मोबाइलच्या उजेडात आमची पेटी. इनेस अगदी सभ्यपणे म्हणाली, घर फार सुंदर आहे, पण काल रात्री ते दोघं अंगातले कोट अंथरून झोपले. चहा करायला भांडं नाही. दिवा नाही. काही चुकलं असेल तर माफ करा, ते उद्या लॉजवर जातील. मग ही अदलाबदल राहणार नाही, तर ह्या तिघींनीही दुसरी सोय बघावी.

दिपालीचा हात आपोआप गळ्याशी आला. मला मुठीत धरलं. तेव्हा तिला कळलं, आणि मलाही.

तेवढ्यात इनेसची नजर दिपालीच्या मागं गेली. तिच्या सुंदर पलंगांवर कुणी झोपलेलंच नव्हतं. जमिनीवर तीन चादरी, शेगडीजवळ आपला तवा, भांड्यांची कपाटं बंद. "तुम्ही जमिनीवर का झोपताय?" तिनं विचारलं. "आमचे पलंग वाईट आहेत का?"

"न्हाई," दिपाली मराठीतच म्हणाली, "आमीच येड्या हाओत," आणि मग इंग्रजीत सगळं सांगितलं. पाउलो आधी हसला. पण हसणं पुरं व्हायच्या आत पडद्यावर सुंदरराव आले. गावात लॉजची चौकशी झालेली ऐकून पोचलेच होते. हातात नवंकोरं कुलूप.

"बोललो होतो ना, वैनी? पाव्हण्यांना मी लॉजवर पोचवतो. घर बंद करतो. तुमी या परत."

करिष्मानं दिपालीला कोपरानं ढोसलं. मी तिच्या मुठीत घट्ट, तिच्या नाडीचे ठोके माझ्या दातांत ऐकू येत होते.

"आई हाय का तिथं?" दिपालीनं विचारलं.

"हाय की." लेकाच्या घरून पाव्हण्यांना बघायला आलेली छबुबाई पुढं आली.

"आई, पेटीचं कुलूप तोड."

"अहो, दिवाळी होऊन पंधरा दिस झाले न्हाईत आन कुलूप तोडायचं?" सुंदरराव म्हणाले. "लक्ष्मीच्या पेटीचं? मावशी, तुमी तरी ऐकू नका."

छबुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. ती कधीच ओरडत नाही, तेव्हाही नाही.

"सुंदरराव, आमी सहा-सहा महिने घर टाकून गेलतो. तवा कोणी आलं न्हाई इचारायला. आता ही वीस दिस हिंडायला गेली तर कावून एवढा घोर लागला तुमाला? सरका."

पाउलोनं खुणेनं ओळखून दगड आणला होता, पण त्याला मारवेना. छबुबाईनं त्याच्या हातातून घेतला. तीन घाव. तिसऱ्याला आमचे हे गेले.

मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. चाळीस वर्षांचा संसार होता. पण खरं सांगते, मी दिपालीच्या गळ्यात राहून समुद्र पाहिला, आणि ह्यांनी मात्र सगळा जन्म एका पेटीला लटकून काढला. मला ते बदलून घ्यायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी छबुबाईनं इनेसला स्वतःच्या गोधड्या अंथरून दिल्या आणि बल्ब लावला. इकडं तिघी पहिल्यांदा पलंगावर झोपल्या, इनेसच्या पातेल्यात भात शिजवला, तिच्या बागेतून समुद्र बघत खाल्ला. पुढचे दहा दिवस त्यांनी बेट पायी पालथं घातलं. वत्सलाबाईंचे गुडघे तिथं कमी दुखले, असं त्याच सांगतात. मला खरं वाटत नाही.

परत आल्यावर सुंदरराव एकदा आले. तेच नवं कुलूप, दोन चाव्या.

"पेटीला लावा हे. एक चावी तुमच्याकडं, एक माझ्याकडं असू द्या. अडीअडचणीला."

"पेटीला आता कुलूप लागत न्हाई, भाऊजी," दिपाली म्हणाली. "पाव्हणे येत राहतात. चहा घेता का?"

त्यांनी घेतला नाही. दारातून परत गेले. आणि घराला त्यांचं कुलूप लागलं नाही ते आजतागायत नाही.

मी अजून दिपालीच्या गळ्यात असते. आता मी कशालाच लागत नाही. शाळेतल्या बाया विचारतात, ही कशाची गं? भंगारवाला तर दर महिन्याला डोळा ठेवून असतो. बायांनो, भंगारवाल्यांनो, तुम्हा सगळ्यांना हात जोडून एकच सांगते. कुलपावाचून किल्ली वाया गेली असं म्हणून माझ्यावर दया करू नका, मला ती नको. निरोप घेते. कुणी माझ्या कुलपाचं विचारलंच तर सांगा, ते तुटलं. किल्ली आहे.