कडेच्या कलमाखालची तुळसा

पद्मजाआजींनी ते भूत रचलं तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. वरच्या बागेतले हापूस रातोरात गायब व्हायचे, राखणीला गडी टिकत नव्हता. विहिरीवरच्या बायकांत त्यांनी सहज सोडून दिलं, "कडेच्या कलमाखाली एक बाई बसते हो, पाठमोरी." चोरी थांबली. शाळा दुसरीत सुटली असली, तरी या एका विद्येचा आजींना भारी अभिमान.

आता नात भार्गवी कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावच्या दंतकथा गोळा करत होती. तिने मोबाइलवर वाचून दाखवलं, "तुळसा. तान्ह्या मुलाला शोधत फिरते."

"कोण मेला सांगतो हे?"

"साइट आहे, आजी. कोणीही लिहू शकतं. एकाने नाव घातलं, दुसऱ्याने मूल. म्हणूनच मॅडमना नुसतं हे चालत नाही. जाणत्या माणसाकडून खात्री करून आणा म्हणाल्या, नाहीतर गुण नाहीत."

"मग मीच की जाणती! माझ्या भुताला ना नाव होतं, ना पोर. लिही, पद्मजाबाईंनी रचलंय."

भार्गवीने साइटवर तसं लिहिलं. सकाळी कोणीतरी ते पुसून टाकलेलं. छापील पुरावा नाही म्हणून.

"जन्म दिला मी, नि मलाच कागद मागतात?" आजी ताडकन उठल्या. "थांब गो. बघून येते, मग लिही माझ्या नावावर, तिथे काही नाही म्हणून."

भर दुपारी बागेत पान हलत नव्हतं. कलमाखाली कोणी अनोळखी लोकांनी हिरव्या बांगड्या वाहिल्या होत्या, शेजारी कोरं झबलं. आजींना हसूच आलं.

"काय गो तुळसे, आहेस का?"

"ओ," बागेच्या कुंपणाच्या गडग्यापलीकडून आलं. थकलेलं, कामात गुंतलेली बाई देते तसं.

आजी दगडी गडग्याशी गेल्या. पलीकडे नुसता तापलेला कातळ. आडोशाला झुडूपसुद्धा नव्हतं.

घरी भार्गवी पेन घेऊन बसली होती. "खोटं आहे असंच लिहू ना?"

आजींनी एवढ्या उकाड्यात पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

"माझं नाव घाल. पुढे लिही, तिथे काही आहे की नाही, हिला ठाऊक नाही."

"अगं, तूच रचलंस ना?"

"मी पाठमोरी बसवली होती. पुढे कोणी कोणी हात लावला, मला काय माहीत?"

भार्गवी लिहू लागली. आजी मागे उभ्या राहून एकेक अक्षर लावत होत्या.