धुक्यातलं टोचन

थंडीचे चार महिने दर गुरुवारी संध्याकाळी अबू हलीफाच्या त्या फ्लॅटमध्ये हॉलभर सतरंजी अंथरली जायची आणि शैलेश सबनीस तिच्यावर उद्याचं सामान मांडून बसायचा. पाण्याच्या सहा बाटल्या, खजूर, पंक्चरचं किट, हातपंप, पान्यांची गुंडाळी, दोन प्लग, इंजिनचा जादा बेल्ट आणि वीस फुटी दोर. दोराच्या मधोमध त्यानं एक लाल फडकं बांधलं होतं, म्हणजे धुळीतही तो दिसावा. वाळवंटात बग्गी बंद पडली तर दुसरीला टोचन लावून आणायची, हा त्याचा नियम. कुवेत सिटीतल्या ऑफिसात दिवसभर फायली लावणारा माणूस घरी येऊन तितक्याच शिस्तीत पिशवी लावायचा, आणि त्याची बायको योगिनी त्याला हसायची.

बग्ग्या त्यांच्या नव्हत्या. चार जाड्या चाकांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या त्या दोन गाड्या अब्बासभाईंच्या. अब्बासभाई मूळचे रत्नागिरीकडचे, इथं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. थंडीत ते आणि त्यांची बायको रबिया जहरा गावाच्या पलीकडे मोकळ्या वाळवंटात तंबू ठोकायचे आणि शुक्रवारी ओळखीच्या लोकांना बोलवायचे.

त्या शुक्रवारी सकाळी पिशवीची चेन लागेना. शैलेश खाली गाडी पुसत होता. योगिनीला चहाचा थर्मास आणि शाल हवी होती. तिनं जाडजूड काळा बेल्ट उपसून चपलांच्या कपाटावर ठेवला आणि चेन ओढली. तासाभराची फेरी, त्यात बेल्ट कशाला लागतोय, असं तिला वाटलं. खरं तर तिचं लक्षच नव्हतं. पंधरा दिवस ती एक गोष्ट मनात घेऊन हिंडत होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नळ्या लावतानाही तीच, रात्री कूस बदलतानाही तीच.

तंबूवर चहा घेऊन दोघं साडेसातला निघाले. दोन दिवसांपूर्वी पाऊस शिंपडून गेला होता. वाळू दमट होती आणि चाकांचे ठसे शिक्क्यासारखे उमटत होते. तीन-चार किलोमीटर गेल्यावर शैलेशच्या बग्गीतून फाटकन आवाज आला. इंजिन नुसतंच घुरघुरायला लागलं, चाकं जागची हलेनात. बेल्ट तुटला होता.

त्यानं पिशवी उघडली. सगळं काढून वाळूवर मांडलं. मग योगिनीकडे बघितलं.

“मी काढून ठेवला,” ती म्हणाली. “चेन लागत नव्हती.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यानं शांतपणे सामान परत भरलं, ओढायचं वजन कमी व्हावं म्हणून पिशवी तिच्या बग्गीला बांधली, आपला मोबाइलही त्याच पिशवीत टाकला. मग गाडी न्यूट्रल करून दोराचं एक टोक तिच्या बग्गीच्या मागच्या कडीला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारून फासा केला, तो आपल्या पुढच्या हुकात अडकवला. बोलला ते कामापुरतं: हळू चालव, दोर ताणलेला राहू दे. बॅटरी धड आहे, तेव्हा दिव्याची एक उघडझाप म्हणजे ठीक आणि दोन म्हणजे थांब.

एवढं होईस्तोवर धुकं उतरलं होतं. आधी लांबच्या विजेच्या खांबांची रांग गेली, मग वाळूचा उंचवटा, मग दहा पावलांपलीकडचं सगळंच. आवाजही गेला. योगिनीनं बग्गी सुरू केली, दोर ताणला गेला, मागून जडसा हिसका बसला आणि दोन्ही बग्ग्या निघाल्या.

येतानाचे आपलेच ठसे बघत ती चालवत होती. हँडलवरच्या छोट्या आरशात मागच्या दिव्याचा पिवळट गोळा तेवढा दिसायचा. वजन चांगलंच जाणवत होतं. चढ आला की बग्गी दमायची, उतार आला की दोर किंचित सैल पडून पुन्हा ताणला जायचा. शैलेश ब्रेक नीट सांभाळतोय, असं तिच्या मनात आलं. आणि गप्प आहे. रागावला की तो असाच गप्प बसायचा, कधी दोन दोन दिवस.

दहा-पंधरा मिनिटं गेली. मागे न बघता ती मोठ्यानं म्हणाली, “शैलेश, चुकलं माझं.”

आरशातला दिवा एकदा विझला आणि पेटला. ठीक.

तिला हलकं वाटलं. तोंड समोर असताना जे पंधरा दिवस जमलं नव्हतं, ते आता पाठ फिरवून जमेल असं वाटलं. इंजिनच्या घरघरीवर आवाज चढवून ती बोलत गेली. पुण्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीला मी होकार कळवलाय. तुला न विचारता कळवलाय. आईला आता एकटीला ठेववत नाही, आणि खरं सांगायचं तर ते नुसतं निमित्त आहे, मलाच इथं राहायचं नाही.

दिवा बराच वेळ तसाच राहिला. मग एकदा मिटला, पेटला.

“खरंच ठीक?” तिनं विचारलं.

पुन्हा एकदा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हेल्मेटची काच धूसर झाली. तेवढ्यात तळलेल्या कांद्याचा वास आला आणि तंबूचा पांढरा कोपरा धुक्यातून पुढं आला. अब्बासभाई गाठ सोडायला म्हणून चालत येत होते. ते तिच्या बाजूनं मागं गेले आणि थबकले.

योगिनीनं बग्गी बंद केली. मागं वळून बघितलं. दोर वाळूत सरळ पडला होता. लाल फडकं होतं. टोकाचा फासा होता, त्याची गाठ शैलेशनं मारली तशीच घट्ट. त्यापुढं काहीच नव्हतं.

“शैलेशभाई कुठं उतरले?” अब्बासभाईंनी विचारलं. दिवा तर त्यांनी आत्ता बघितला होता. दोन्ही गाड्या येताना दिसल्या म्हणून तर ते उठले होते.

आत्तापर्यंत वजन होतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. रबियाभाभींनी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि काही न विचारता तिचा हात धरून ठेवला. शैलेशला फोन लावायला म्हणून अब्बासभाईंनी मोबाइल काढला, तर बेल योगिनीच्या बग्गीवरच्या पिशवीतच वाजली.

मग अब्बासभाईंनी पिकअप काढली. योगिनी शेजारी बसली आणि ते ठशांवरून उलटे निघाले. दिवे लावूनही ठसे जेमतेम दिसत होते. तिच्या चार चाकांच्या खुणा स्पष्ट होत्या. पण त्यांच्या मधून आणखी एक खूण चालली होती. चाकांची नव्हे. हातभर रुंद, सपाट, गुळगुळीत, जणू भिजलेलं जाजम कुणी ओढत नेलंय. आणि ती सुरू कुठं झाली, संपली कुठं, हे बघायला अब्बासभाई दोनदा उतरले. तंबूकडच्या टोकाला, दोराचा फासा पडला होता तिथं ती एकदम थांबली होती. आजूबाजूला एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

“हे बघू नका, वहिनी,” ते परत बसताना म्हणाले. “समोर बघा.” नंतर ते ओठातल्या ओठात काही पुटपुटत राहिले.

ठसे सरळ नव्हते. योगिनी आपल्या समजुतीनं आलेल्या वाटेनंच परतली होती, पण वाळूवर एक भलामोठा वळसा उमटला होता आणि त्या वळशाच्या मधोमध, निघाले त्याच जागी शैलेश होता.

तो बग्गीवर बसला होता. हेल्मेट डोक्यात, दोन्ही हात हँडलवर, दिवा लावलेला. त्याच्या चाकांखालची वाळू हललीही नव्हती. पिकअप अगदी जवळ आली तरी त्यानं मान वळवली नाही. योगिनीनं त्याच्या मनगटाला हात लावला. ते बर्फासारखं गार होतं.

“पोचलो?” त्यानं विचारलं.

अब्बासभाईंनी त्याची बोटं एकेक करून हँडलवरून सोडवली. त्याला पिकअपमध्ये बसवून थर्मासमधला चहा पाजला. बग्गी तिथंच सोडायची, ऊन पडल्यावर चार माणसं आणून उचलायची, असं त्यांनी ठरवलं आणि ते लगेच निघाले. परतताना त्यांनी ते ठसे टाळून लांबचा रस्ता घेतला.

शैलेशनं सांगितलं ते घरी आल्यावर, दुपारी, पांघरुणात शिरून. तो निघालाच होता. दोर ताणला गेला, गाडी हलली, पुढं योगिनीच्या बग्गीचा लाल दिवा होता. चढ लागले, उतार लागले, त्यानं ब्रेक सांभाळला. तिचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं. बेल्टचं ऐकलं तेव्हा त्यानं दिव्याची एक उघडझाप केली. पुण्याचं ऐकलं तेव्हा आधी त्याला राग आला, मग वाटलं की आपल्याला हे कधीच कळलेलं होतं, नुसतं ऐकायचं राहिलं होतं. तेव्हा त्यानं पुन्हा एक उघडझाप केली. “खरंच ठीक?” असं तिनं विचारलं, तेव्हाही केली. मग कांद्याचा वास आला आणि गाडी थांबली.

योगिनी पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. तो सापडल्यावर तिनं त्याला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पिकअपमध्ये तर एक अक्षरही नाही.

“मी उतरणारच होतो,” तो म्हणाला. “वाटलं, आलो तंबूवर. एक पाय खाली टाकलाही होता. पण तू म्हणालीस, उतरू नकोस, अजून पोचलो नाही. मग बसून राहिलो. कितीतरी वेळ. मधेच तुझा लाल दिवा गेला.”

“मी उतरू नकोस म्हणाले?”

“दोनदा. अगदी कानाशी.”

योगिनीनं होकारार्थी मान डोलावली आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

पुढच्या आठवड्यात अब्बासभाईंनी तंबू उपटून दुसरीकडे ठोकला. तिथं वाळू भुसभुशीत आहे, खुंट्या धरत नाहीत, एवढंच कारण त्यांनी लोकांना सांगितलं. दोर त्यांनी जाळून टाकला होता, हे रबियाभाभींकडून कळलं. शैलेश पुन्हा बग्गीवर बसला नाही. पुण्याबद्दल दोघांत भांडण झालं नाही. मार्चमध्ये त्यानं राजीनामा दिला, जूनमध्ये दोघं परतले. नव्या घरात तो अजूनही ओळखीच्यांना ही हकीकत सांगतो, आणि सांगताना बायकोकडे कौतुकानं बघतो. हिनं वेळेवर सांगितलं म्हणून मी जागचा हललो नाही, नाहीतर त्या धुक्यात कुठं भरकटलो असतो, असं म्हणतो.

योगिनी हसून चहा पुढं करते. ते शब्द आपण उच्चारले नव्हते, हे तिनं त्याला कधीच सांगितलेलं नाही.