वाचल्याशिवाय न उडणारा फवारा

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "आता खालची ओळ वाचा बरं" म्हणण्यात जिचा अख्खा दिवस जायचा, त्या चष्मेवालीच्या स्वतःच्या घरात एक माणूस असा होता, जो काही केल्या चष्मा लावायला तयार नव्हता. ते म्हणजे तिचे सासरे. घरातले, बाहेरचे, सगळे त्यांना नाना म्हणत.

नानांचं म्हणणं, नजर हा मनाचा प्रश्न आहे. पेपर ते हात लांब करून वाचत. पुढे हात पुरेनासा झाला, तेव्हा पेपर खुर्चीवर टेकवून ते स्वतःच मागे सरकू लागले. सुनेने दिलेल्या पहिल्या चष्म्यावर ते बसले, दुसरा "हरवला", आणि तिसरा त्यांनी बागेतल्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकला. "बिचारा म्हातारा झालाय," असं ते घरी येऊन म्हणाले. तो म्हातारा नानांपेक्षा वयाने लहान होता.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एके दिवशी नाना त्यांच्या जुन्या मित्राच्या निरोपसमारंभाला निघाले. जाताना आरशासमोर उभं राहून त्यांनी डोक्यावर अत्तराचा भरपूर फवारा मारला. ते अत्तर नव्हतं. इस्त्रीच्या वेळी कपड्यांना मारायची खळ होती. समारंभाला पोचेपर्यंत नानांचे उरलेसुरले केस ब्रशसारखे ताठ उभे राहिले होते, आणि भाषण करताना त्यांनी डोक्यावरून हात फिरवला तेव्हा पहिल्या रांगेपर्यंत करकर ऐकू गेली. त्याच आठवड्यात त्यांनी झुरळांचं औषध पाणी समजून कुंडीतल्या गुलाबावर मारलं. गुलाब गेला.

"उद्या हेच डोळ्यात मारतील," चष्मेवाली नवऱ्याला म्हणाली.

"बाटल्यांना कुलपं लाव," नवरा म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तो गमतीत बोलला होता. तिने मात्र ते मनावर घेतलं.

बाजारात कुलपाच्या फवारा-बाटल्या होत्याच. खटक्याशेजारची खुंटी सरकवली की झालं. तिने दोन-तीन आणून पाहिल्या. नानांनी त्या टीव्हीवरची नजर न हलवता अंगठ्याने उघडल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की माणसं बाटलीकडे बघतात, पण बाटली वाचत नाहीत. डोळे तपासण्यात तिची हयात गेली होती. बघणं आणि वाचणं यातला फरक तिला कुणी शिकवायला नको होता. कुलूप असं हवं, की जे वाचल्याशिवाय उघडणारच नाही.

मग साचे बनवणाऱ्या एका कारागिराच्या मागे लागून, त्याचं डोकं आणि स्वतःच्या सुट्ट्या खर्ची घालून तिने एक बाटली तयार करवून घेतली. तळहातात मावणारी. मानेभोवती एक फिरती कडी, कडीवर अक्षरं कोरलेली. बाटलीवर जे नाव छापलंय त्याचं पहिलं अक्षर बाणासमोर आणलं, की खटका मोकळा. दुसरं कुठलंही आणलं, की खटका दगडासारखा घट्ट. आणि हात सोडला की कडी आपली आपण फिरून परत जागेवर, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा वाचणं आलं.

कशी उघडायची ते न सांगता तिने ती नानांच्या हातात दिली. नानांनी दाबली, पिळली, टेबलावर आपटली. शेवटी म्हणाले, "सूनबाई, ही बिघडलेली आहे. परत करून ये."

इतका आनंद तिला लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता.

पेटंटचं काम बघणारा एक वकील तिला मिळाला. हडकुळा, नेहमी धास्तावलेला, घरात गॅस चालू राहिलाय असं वाटत असल्यासारखा चेहरा. त्याने पहिल्याच भेटीत बजावलं, "ताई, अर्ज दाखल होईपर्यंत ही वस्तू कुणाला दाखवायची नाही. एकदा चारचौघांत उघड झाली, की ती नवीन राहात नाही. आणि नवीन नसेल तर पेटंट विसरा."

तिने घरी येऊन हे सगळ्यांना सांगितलं. नानांनी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही."

अर्ज गेला. बऱ्याच महिन्यांनी पेटंट कार्यालयातल्या परीक्षक बाईंचा अहवाल आला. त्यात दोन हरकती होत्या. पहिली, फवारा जुना, अक्षरं जुळवून उघडायची कुलपंही जुनी. दोन्ही एकत्र करणं कुठल्याही जाणत्या माणसाला सहज सुचलं असतं. दुसरी चष्मेवालीने दोनदा वाचली. ही वस्तू मुळात नवीनच नाही, अर्जाच्या आधीच ती जाहीरपणे दाखवली गेली आहे, असं म्हणून खाली एक फोटो जोडला होता. बागेत फिरायला जाणाऱ्या मंडळाचं स्नेहसंमेलन. व्यासपीठावर नाना, कोट घालून, विजयी मुद्रेने बाटली उंच धरलेली. फोटोखाली लिहिलेलं, "कुलूपबंद फवाऱ्याचं रहस्य नानांनी उलगडून सांगितलं."

वकील त्याच संध्याकाळी घरी आला.

"नाना, तुम्ही म्हणाला होता ना, कुणाला दाखवणार नाही?" चष्मेवालीने विचारलं.

"बाहेरच्या कुणाला दाखवलं? ती आपली बागेतली मंडळी!"

"किती होती मंडळी?" वकिलाने भीत भीत विचारलं.

"हॉल गच्च! मागे उभं राहायला जागा नव्हती." नानांच्या आवाजातला अभिमान काही लपत नव्हता.

"आणि सांगितलंत काय काय?"

"सगळं. अगदी आतल्या स्प्रिंगपर्यंत. टाळ्या थांबेनात."

वकिलाने डोळे मिटले. मग समजावून सांगावं तसं म्हणाला, "हे बघा नाना. लोकांनी बाटली नुसती लांबून पाहिली असेल, तर अजून काही तरी करता येईल. पण कुलूप कसं चालतं हे तुम्ही नीट समजावून सांगितलं असेल, तर सगळंच मुसळ केरात. जरा आठवून बघा. थोडं कमी सांगितलं असेल."

"मी? कमी?" नाना दुखावले. "अहो, मी आयुष्यात कधी कमी बोललोय का?"

मुलाने नकळत मान डोलावली.

चष्मेवालीला मात्र एक शंका होती. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी तिला ती बाटली नानांच्या पिशवीत सापडली होती, आणि ती काठोकाठ भरलेली होती. नाना व्यासपीठावर उभे आहेत, हातात फवारा आहे, आणि त्यांनी पहिल्या रांगेला भिजवलं नाही, हे होणं शक्य नव्हतं. नाना स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तेव्हा तिने हळूच विचारलं, "नाना, खरं सांगा. तेव्हा फवारा उडाला होता का?"

"वेळ कमी होता," नाना पेल्यात बघत म्हणाले.

तिने बाहेर येऊन ते वकिलाला सांगितलं. त्याला तेवढं पुरलं. नानांनी फक्त एवढं लिहून द्यायचं होतं, की 'मला त्या दिवशी कुलूप उघडता आलं नाही आणि ते कसं चालतं हे मला माहीत नव्हतं.' नानांनी कागद पाहिला (म्हणजे हात लांब करून मुलाकडून वाचून घेतला) आणि जेवणच सोडलं. "या वयात मी सही करून देऊ, की मला साधी बाटली उघडता येत नाही? उद्या बागेत कुठल्या तोंडाने जाऊ?" दोन्ही वेळा ताट झाकून ठेवावं लागलं. तिसऱ्या वेळी चष्मेवालीनेच कागद फाडून टाकला. तिला पेटंट हवं होतं, पण म्हाताऱ्याचं नाक कापून नको होतं.

"मग मी सुनावणीला काय सांगू?" वकील रडकुंडीला आला.

"मीच येतो सांगायला," नाना म्हणाले. फाटलेल्या कागदाने त्यांना एकदम उदार केलं होतं. वकिलाचा चेहरा असा झाला, की आता गॅस नुसता चालू नाही, कुणीतरी काडीही ओढलीय.

सुनावणीची खोली छोटीशी होती. एक लांब टेबल, टेबलावर पाण्याचे झाकलेले पेले, खिडकीला अर्धा अडकलेला पट्ट्यापट्ट्यांचा पडदा. परीक्षक बाई साठीकडे झुकलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कोरडा. वकील कायद्याचं काही बोलायला लागला तसं त्यांनी हात वर केला.

"फोटोतले गृहस्थ हेच ना? मग त्यांनाच विचारते. नाना, त्या दिवशी लोकांना जे सांगितलंत, तेच मला सांगा. एकही शब्द कमी करू नका."

नाना उभे राहिले. घसा साफ केला. कोटाचं बटण लावलं.

"बाई, या बाटलीच्या आत हवेचा दाब असतो. आणि ही जी कडी आहे ना, ती माणसाच्या हाताची ऊब ओळखते. लहान मुलाचा हात वेगळा, मोठ्याचा वेगळा. हात शांत असला, मनात घाई नसली, की ऊब आत जाते, स्प्रिंग फुलते आणि कुलूप आपोआप सैल होतं. घाईच्या माणसाला ही बाटली कधीच वश होणार नाही."

वकिलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चष्मेवालीने ओठ दाताखाली धरला. परीक्षक बाई मात्र निर्विकारपणे लिहून घेत होत्या.

"आणि ती अक्षरं?" त्यांनी विचारलं.

"कुठली अक्षरं?"

"कडीवरची."

नानांनी बाटली लांब धरली, आणखी लांब धरली. "ही? ही नक्षी आहे."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

"या गृहस्थांनी त्या हॉलमध्ये काहीच उघड केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उलट तिथल्या कुणाला हे चुकून सुचलं असतं, तर यांचं ऐकून तोही भलतीकडे गेला असता. ही हरकत मी काढून टाकते."

वकिलाला आनंदाने उचकी लागली. पण चष्मेवालीचं लक्ष नानांकडे होतं. नाना हळूच खाली बसले होते. कान लाल झाले होते आणि कोटाच्या बाहीवरचा नसलेला धागा ते काढत होते. एवढ्या मोठ्या दिवशी आपण जिंकलोय आणि सासरे हरलेत, हे तिला मुळीच सुखाचं वाटलं नाही.

"पण मग मला असा प्रश्न पडतो," परीक्षक बाई पुढे म्हणाल्या, "की ही बाटली उघडते तरी का? नाना, आत्ता उघडून दाखवा."

नानांनी खटका दाबला. पिळला. शांत हात ठेवून ऊब दिली. बाटली ढिम्म.

चष्मेवालीने पर्स उघडली, चौथा चष्मा काढला आणि नानांसमोर ठेवला. वकील घाईघाईने पाणी पिऊ लागला. परीक्षक बाईंना अचानक खिडकीबाहेर काही तरी फार महत्त्वाचं दिसलं. नानांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच बघत नाहीये अशी खात्री झाल्यावर त्यांनी चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि बाटली जवळ आणली.

"अगं, ही तर खरंच अक्षरं आहेत!" ते ओरडले. "आणि इथे लिहिलंय, काच पुसण्याचं द्रावण. का... का... हा बघ 'का'!"

कडी फिरली, खट्‌कन आवाज झाला, आणि फवारा सरळ परीक्षक बाईंच्या तोंडावर गेला. वकिलाने मनातल्या मनात फाइल बंद केली. बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला.

"चांगला निघतो," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही बोला, ताई. पहिली हरकत अजून तशीच आहे. अक्षरांचं कुलूप बॅगांना असतंच. त्यात तुमचं काय?"

वकील उठायच्या आत चष्मेवालीच बोलली. "बॅगेच्या कुलपाचं उत्तर लपवायचं असतं. माझ्या कुलपाचं उत्तर बाटलीवरच मोठ्या अक्षरांत छापलंय. चोराला अडवायचं नाहीये मला. ज्याला उघडायचा पूर्ण हक्क आहे, त्याने आधी वाचावं एवढंच हवंय. आणि एकदा उघडून भागू नये, म्हणून कडी दर वेळी परत फिरते. कुलूप बनवणाऱ्याला हे कशाला सुचेल? त्याचं सगळं आयुष्य उत्तर लपवण्यात जातं."

परीक्षक बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग वकिलाकडे. "हे अर्जात पहिल्या पानावर का नव्हतं?"

वकिलाची उचकी परत सुरू झाली.

घरी जाताना बसमध्ये नानांनी चष्मा काढला नाही. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याच्या वेळा, पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कोरलेलं प्रेम, सगळं त्यांनी मोठ्याने वाचलं. एका पाटीवर 'शुद्ध' चुकीचं लिहिलंय म्हणून ते उतरायलाच निघाले होते. सुनेने कोट धरून बसवलं.

"सूनबाई," थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू तो कागद फाडलास म्हणून मी आलो. नाही तर आलो नसतो."

"माहितीये, नाना."

"पण ऊब वगैरे मी वाईट नाही सांगितलं. टाळ्या खऱ्या होत्या."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

पेटंट मिळालं. संपूर्ण नाही. 'अक्षरांनी उघडणारा कुठलाही फवारा' असा जो हक्क वकिलाने ऐटीत मागितला होता, तो बाईंनी छाटून टाकला. छापील नाव, त्याच्याशी जुळणारी कडी आणि ती परत फिरवणारी स्प्रिंग, तिन्ही मिळून जे होतं तेवढंच पदरात पडलं. वकिलाला गेलेल्या ओळींचं फार दुःख झालं. चष्मेवालीला नाही झालं. तिने तेवढंच बनवलं होतं.

पुढच्या रविवारी बागेतल्या मंडळासमोर नानांनी स्वतःहून उभं राहून सांगितलं, की मागच्या खेपेला आपण जे बोललो ते सगळं साफ खोटं होतं, कारण आपल्याला दिसत नव्हतं. हसतील म्हणून ते थांबले. कुणी हसलं नाही. मग मागच्या रांगेतून एक काका दबक्या आवाजात म्हणाले, "नाना, तुमची सून रविवारी दुकान उघडते का हो?"

ती उघडत नसे. त्या रविवारी तिने उघडलं, आणि दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायला जागा उरली नाही.